‘नॅशनॅलिटी’च्या रकान्यात काय लिहायचं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला दापोलीकडचा एक मुलगा येत असे. त्याला बोटीवर लागायचं होतं. कोर्स झाला होता, मुलाखतीची वाट बघणं चाललं होतं. जहाज बंदराला लागलं की खलाशांची यादी, म्हणजे क्रू लिस्ट, द्यावी लागते. तिच्यात नाव, हुद्दा, जन्मतारीख यांच्या जोडीला ‘नॅशनॅलिटी’ असाही एक रकाना असतो. सरावासाठी मी मनानेच आठ खलाशी रचले, त्यांचे देश सांगितले आणि त्याला यादी भरायला दिली. त्याने भराभर लिहिलं: इंडिया, फिलिपिन्स, पोलंडियन, डेन्मार्की, ‘अ ब्रिटिश’, ‘टू चायनीजेस’. आठवा खलाशी नेदरलँड्सचा होता. तिथे पेन्सिल थांबली ती थांबलीच.

मुलगा चांगला हुशार होता आणि त्याची जवळजवळ प्रत्येक चूक मराठीतून सरळ चालत आलेली होती. आपल्याकडे ‘जपानी’ हा एक शब्द घरातली सगळी कामं करतो. जपानी गाडी, जपानी बाई. ती जपानी बोलते. काल स्टेशनवर दोन जपानी भेटले. जपानी वेळेचे पक्के. वस्तू, भाषा, एक माणूस, सगळा समाज, सगळ्याला तोच शब्द. इंग्रजीत या कामांची वाटणी झालेली आहे, आणि देशागणिक ती वाटणी बदलते. स्पेन हा देश, तिथली भाषा आणि तिथल्या वस्तू स्पॅनिश, तिथला एक माणूस स्पॅनियार्ड आणि सगळी मंडळी मिळून ‘द स्पॅनिश’. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सरावाचं काम आहे. ज्यांना नव्याने परदेशी जायचंय, परदेशी लोकांसोबत काम करायचंय किंवा नुसता एखादा फॉर्म भरायचाय, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे.

पायरी १: आधी स्वतःचा शाळेचा दाखला काढा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व, मातृभाषा, धर्म, जात, जन्मस्थळ असे रकाने वेगवेगळे असतात. राष्ट्रीयत्वापुढे ‘भारतीय’, मातृभाषेपुढे ‘मराठी’. तहसीलमधून जो दाखला काढतो त्याचं पूर्ण नावच ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असं आहे. अधिवास म्हणजे डोमिसाइल, तो महाराष्ट्राचा. राष्ट्रीयत्व म्हणजे नॅशनॅलिटी, ती भारतीय. एकाच कागदावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेत, तरी इंग्रजी फॉर्म समोर आला की लोक ‘नॅशनॅलिटी’पुढे हिंदू, मराठी, महाराष्ट्रीयन असं काहीही लिहून मोकळे होतात.

पासपोर्टवर नॅशनॅलिटीपुढे ‘इंडियन’ असं असतं, ‘इंडिया’ नव्हे. तेव्हा हाताने भरायच्या फॉर्मवर नॅशनॅलिटी विचारली की ‘इंडियन’ आणि कंट्री विचारला की ‘इंडिया’. ऑनलाइन फॉर्मचं थोडं वेगळं असतं. तिथे नॅशनॅलिटीच्या खाली पुष्कळदा देशांच्याच नावांची यादी उघडते. त्यातलं ‘इंडिया’ निवडलं तर चूक होत नाही. कुठे ‘आय-एन-डी’ अशी तीन अक्षरं मागतात. तो आपल्या देशाचा कोड, पासपोर्टवरही असतो.

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांचा फॉर्म भरताना आणखी सांभाळा. एनआरआय ही नॅशनॅलिटी नाही. एनआरआय माणसाचा पासपोर्ट भारताचाच असतो, म्हणून तो ‘इंडियन’. पण एखाद्या मावशीने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तिची नॅशनॅलिटी ‘अमेरिकन’, मग तिच्याकडे ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, कार्ड असलं तरी. त्या कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द आहे, पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. अशा माणसाला बोलताना ‘इंडियन अमेरिकन’ म्हणतात. त्यातला मुख्य शब्द शेवटचा, पहिला मूळ सांगतो. मराठीत आपण ‘भारतीय वंशाचा अमेरिकन’ म्हणतो, तोच क्रम.

पायरी २: वहीत चार रकाने आखा

देश. विशेषण. एक माणूस. सगळी मंडळी. इतकंच. कुठलाही नवीन देश कानावर पडला की या चारही रकान्यांत त्याचे शब्द लिहायचे. सुरुवात आपल्यापासून करा. शाळेत रोज म्हटलेली प्रतिज्ञा इंग्रजीत आठवा: ‘इंडिया इज माय कंट्री. ऑल इंडियन्स आर माय ब्रदर्स अँड सिस्टर्स.’ पहिल्या वाक्यात देश, दुसऱ्यात माणसं. मधल्या विशेषणाच्या जागी ‘इंडियन फूड’, ‘इंडियन नेव्ही’ असं काही टाका. एका माणसासाठी ‘अ‍ॅन इंडियन’. इथे ‘अ’ चालत नाही, कारण शब्द स्वराने सुरू होतो.

‘आय अ‍ॅम इंडियन’ आणि ‘आय अ‍ॅम अ‍ॅन इंडियन’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. रोजच्या बोलण्यात पहिलं जास्त सहज येतं. ‘आय अ‍ॅम फ्रॉम इंडिया’ हे त्याहून सोपं, आणि त्यात चुकायला जागाच नाही.

आता शब्दांची घराणी बघू. इंग्रजीतले बहुतेक शब्द चार घराण्यांत बसतात.

पायरी ३: ‘अन’चं घराणं, सगळ्यात सोपं

इंडियन, अमेरिकन, रशियन, इटालियन, ब्राझिलियन, मेक्सिकन, केनियन, श्रीलंकन, साउथ आफ्रिकन. इथे विशेषण आणि माणूस यांना एकच शब्द, अनेकवचनाला शेवटी ‘एस’. अ रशियन, टू रशियन्स, द रशियन्स. या घराण्याची शिस्त आपल्या ‘जपानी’सारखीच आहे, म्हणून इथे आपण फारसे अडखळत नाही.

अडखळतो ते उच्चारात. कॅनडा म्हणताना जोर ‘कॅ’वर असतो, कनेडियन म्हणताना तो ‘ने’वर सरकतो. इटलीत जोर पहिल्या अक्षरावर, इटालियनमध्ये दुसऱ्यावर. मॉरिशसचा माणूस ‘मॉरिशन’. हा शब्द आपल्याला यायलाच हवा, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे. त्यांची नॅशनॅलिटी मॉरिशन, भाषा आणि मूळ मराठी. मॉरिटेनिया हा पश्चिम आफ्रिकेतला निराळाच देश, तिथला माणूस मॉरिटेनियन. फॉर्मवर या दोघांची अदलाबदल होऊ देऊ नका.

‘जर्मन’चं अनेकवचन ‘जर्मन्स’. ‘मॅन’चं ‘मेन’ होतं म्हणून ‘जर्मेन’ करायचा मोह होतो, पण या शब्दातल्या ‘मन’चा त्या ‘मॅन’शी काही संबंध नाही.

पायरी ४: ‘ई’चं घराणं, ओळखीचं म्हणून धोक्याचं

पाकिस्तानी, बांगलादेशी, इराकी, कुवेती, ओमानी, कतारी, बहरिनी, येमेनी, इस्रायली. ऐकायला थेट मराठी. माणूस आणि विशेषण एकच, अनेकवचनाला ‘एस’: टू ओमानीज, थ्री पाकिस्तानीज. नेपाळच्या माणसाला नेपाली आणि नेपलीझ दोन्ही चालतं.

धोका असा की हा प्रत्यय आपल्या तोंडात इतका बसलेला आहे की तो आपण कुठेही चिकटवतो. चायनी, जपानी, डेन्मार्की असे शब्द इंग्रजीत नाहीत. आणि ‘अफगाणी’ म्हणजे अफगाणिस्तानचं चलन. माणूस ‘अफगाण’. ‘ही इज अ‍ॅन अफगाणी’ म्हटलं की तो माणूस एक नोट आहे असं सांगितल्यासारखं होतं.

आखातात जाणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. ‘एमिराटी’ म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचा नागरिक. दुबईत वीस वर्षं काढलेला आपला माणूस एमिराटी होत नाही, तो दुबईत राहणारा इंडियन असतो. दुसरी गोष्ट अरब, अरेबिक आणि अरेबियन यांची. माणूस अरब. भाषा, लिपी आणि आकडे अरेबिक. समुद्र, वाळवंट आणि घोडे अरेबियन. ‘ही स्पीक्स अरब’ किंवा ‘ही इज अरेबिक’ असं म्हणू नका. आणि इराणचे लोक अरब नव्हेत. त्यांची भाषा पर्शियन, नॅशनॅलिटी इराणियन.

‘इराणी’ हा शब्द मात्र मुंबई-पुण्याच्या इंग्रजीत आहे, वेगळ्या अर्थाने. इराण्याचं हॉटेल, ब्रुन-मस्का, काचेच्या बरणीतली खारी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकात इराणातून आलेल्या, मुख्यतः झरतुष्ट्री कुटुंबांचा हा समाज. ‘इराणी कॅफे’ बरोबर. पण त्या कॅफेचा मालक ‘इंडियन’, आणि तेहरानहून आलेला पाहुणा ‘इराणियन’.

इस्रायलचंही तसंच आहे. इस्रायली ही नॅशनॅलिटी, ज्यूइश हा धर्म आणि समाज, हिब्रू ही भाषा. आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यूइश, पण इथे राहिलेले सगळे इंडियन. १९४८ नंतर त्यांच्यातले बरेच तिकडे गेले, ते इस्रायली झाले, आणि त्यांच्या घरांत मराठी पुढेही कितीतरी वर्षं बोलली गेली. एका कुटुंबात या चारही शब्दांना जागा आहे.

पायरी ५: ‘ईझ’चं घराणं आणि आपला जुना शेजार

चायनीज, जॅपनीज, पोर्च्युगीज, व्हिएतनामीज, बर्मीज, लेबनीज, सुदानीज. इंग्रजी उच्चारात शेवटी ‘झ’ येतो आणि जोरही त्या शेवटच्या ‘ईझ’वरच. जपान म्हणताना ‘पान’वर, जॅपनीझ म्हणताना ‘नीझ’वर.

हा प्रत्यय मुळात लॅटिनचा, आणि तो आपल्या भाषेत इंग्रजीच्याही आधी येऊन बसलेला आहे. पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज या तिन्ही शब्दांच्या शेवटचा ‘ज’ ऐका. वलंदेज म्हणजे डच, मूळ शब्द हॉलंडवरून. हे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत उतरले आणि बखरींत, कागदपत्रांत रुळले. पोर्तुगीज भाषेतला तो प्रत्यय आणि इंग्रजीतला हा ‘ईझ’ एकाच मुळाचे. जॅपनीझ आणि वलंदेज हे चुलत भाऊ आहेत असं सांगितलं की वर्गातल्या मुलांना तो प्रत्यय पुन्हा शिकवावा लागत नाही.

नियम दोन. पहिला, या शब्दांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. ‘चायनीजेस’ असा शब्दच नाही. दुसरा, ‘अ चायनीज’, ‘अ जॅपनीज’ असं एका माणसाला म्हणू नका. जुन्या व्याकरणात ते सापडेल, पण आज कानाला खटकतं आणि ऐकणाऱ्याला तुच्छतेचं वाटू शकतं. पुढे नाम जोडा: अ चायनीज स्टुडंट, टू जॅपनीज टूरिस्ट्स. सगळ्या समाजाबद्दल बोलायचं तर ‘द चायनीज’, आणि क्रियापद अनेकवचनी.

गोव्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गोव्याच्या माणसाला इंग्रजीत ‘गोअन’ म्हणावं, ‘गोअनीज’ नव्हे. पूर्वी तो शब्द चालायचा, पण गोंयकारांना तो हिणवणारा वाटतो आणि ते तसं उघड सांगतात. ज्याचं नाव त्याने सांगितलेलं घ्यावं, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पायरी ६: ‘इश’चं घराणं, इथे सावकाश चला

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ब्रिटिश, इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश, स्पॅनिश, पोलिश, टर्किश, डॅनिश, स्वीडिश, फिनिश. ही सगळी विशेषणं आहेत. एका माणसाला यांतला एकही शब्द एकटा लागत नाही. ‘ही इज ब्रिटिश’ बरोबर, ‘ही इज अ ब्रिटिश’ चूक. फ्रेंच, डच आणि वेल्श यांना ‘इश’ नसला तरी ते याच पंगतीत बसतात.

एका माणसासाठी प्रत्येकाचा शब्द वेगळा: पोल, टर्क, डेन, स्वीड, फिन, स्कॉट, स्पॅनियार्ड, ब्रिटन (ऐकायला देशासारखाच, पण स्पेलिंगच्या शेवटी ‘ओ-एन’). काहींचं ‘मॅन’ जोडून होतं: इंग्लिशमन, फ्रेंचमन, डचमन, आयरिशमन. बाई असेल तर फ्रेंचवुमन, आयरिशवुमन. हल्ली ‘अ फ्रेंच वुमन’, ‘अ‍ॅन आयरिश पर्सन’ असं सुटं म्हणण्याकडे कल आहे आणि नवशिक्याला तेच सोयीचं.

हे घराणं घोकून येत नाही. एखादी खरी गोष्ट हाताशी धरली की येतं. आमच्या वर्गात मी वळिवडे सांगतो. कोल्हापूरजवळच्या या गावी दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेल्या लोकांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार माणसं तिथे राहिली, त्यांत बायका आणि मुलं फार. आता हीच गोष्ट इंग्रजीत सांगायला घ्या. पाच हजार ‘पोल्स’ आले. ते ‘पोलिश रेफ्युजीज’ होते. मुलं ‘पोलिश’ बोलायची. एखादी मुलगी भेटली तर ती ‘अ पोलिश गर्ल’. युद्ध संपल्यावर पुष्कळजण ‘पोलंड’ला परतलेच नाहीत, दुसऱ्या देशांत गेले. देश, विशेषण, भाषा, माणूस, सगळे रकाने एका गोष्टीत भरले गेले. पोलंडियन, पोलंडी हे शब्द त्यात कुठे लागतच नाहीत. कोल्हापूरकडचे विद्यार्थी असले तर ते हे कधीच विसरत नाहीत.

आणि अगदीच आठवेना तर एक वाट नेहमी मोकळी असते: विशेषण आणि त्यापुढे कामधंदा. अ डॅनिश इंजिनिअर, अ टर्किश नर्स, अ ब्रिटिश कॅप्टन. ‘डेन’ हा शब्द आयुष्यात कधी नाही आठवला तरी काही बिघडत नाही.

‘ब्रिटिशर’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून इतका फिरतो की तो चुकीचा वाटतच नाही. भारतात कळतो, चालतो. पण ब्रिटनमधली माणसं स्वतःला तसं म्हणवत नाहीत. तिथे बोलताना ‘द ब्रिटिश’ किंवा ‘ब्रिटिश पीपल’ म्हणा.

त्याहून महत्त्वाचं इंग्लिश आणि ब्रिटिश यांतलं अंतर. मराठीत आपण ‘इंग्रज’ म्हटलं की सगळे त्यात आले. प्रत्यक्षात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून युनायटेड किंगडम होतं. इंग्लंडचा माणूस इंग्लिश आणि ब्रिटिश दोन्ही. स्कॉटलंडचा माणूस स्कॉटिश आणि ब्रिटिश, पण इंग्लिश कधीच नाही. त्याला इंग्लिश म्हणणं म्हणजे एखाद्या गोंयकाराला ‘तुम्ही महाराष्ट्रातलेच ना’ असं म्हणण्यासारखं आहे. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने वेगळं राहायचं ठरवलं, हे ज्याला माहीत आहे त्याला ती कळ समजेल. उत्तर आयर्लंडच्या लोकांना १९९८ च्या करारानुसार स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क आहे. आपण अंदाज बांधू नये, ते सांगतील ते घ्यावं. आयर्लंडचं प्रजासत्ताक हा तर पूर्ण स्वतंत्र देश, तिथल्या माणसाला ब्रिटिश म्हणू नका. आणि ‘स्कॉच’ हा शब्द व्हिस्कीपुरता ठेवा, माणसासाठी ‘स्कॉटिश’.

पायरी ७: घराण्याबाहेरचे

ग्रीक, थाय, चेक: तिघांनाही ‘एस’ लागतो. स्विस: लागत नाही. स्विस म्हणजे स्वित्झर्लंड आणि स्वीड म्हणजे स्वीडन, यांची आपल्याकडे फार गल्लत होते. न्यूझीलंडच्या माणसाला ‘न्यूझीलंडर’, पण संघाला ‘न्यूझीलंड टीम’. लाडाने ‘किवी’ म्हटलेलं त्यांना आवडतं.

नेदरलँड्सचं विशेषण ‘डच’. माझ्या विद्यार्थ्याची पेन्सिल थांबली ती इथेच, आणि त्यात नवल नाही, कारण देशाच्या नावातलं एकही अक्षर विशेषणात ओळखू येत नाही. हॉलंड हे त्या देशातल्या दोन प्रांतांचं नाव, संपूर्ण देशाचं नव्हे.

बोटीवर जाणाऱ्याने ‘फिलिपिनो’ हा शब्द लिहून पाठ करावा. देश ‘पी-एच’ने सुरू होतो आणि माणूस ‘एफ’ने. स्पेनच्या राजा फेलिपेवरून त्या बेटांचं नाव पडलं. देशाचं नाव इंग्रजीत आलं ते फिलिपच्या वळणाने, माणसाचं नाव राहिलं स्पॅनिश वळणाने. बाईसाठी फिलिपिना. सरकार, चलन अशा गोष्टींना ‘फिलिपीन’.

देशांची नावं बदलतात आणि विशेषणं मागे रेंगाळतात. सिलोनचं श्रीलंका झालं १९७२ मध्ये आणि माणूस श्रीलंकन झाला. पण सिंहला आणि तमिळ हे तिथले समाज आणि भाषा, नॅशनॅलिटी दोघांचीही श्रीलंकन. टर्कीने २०२२ मध्ये स्वतःचं नाव ‘तुर्किये’ असं नोंदवून घेतलं, विशेषण मात्र अजून ‘टर्किश’च.

पायरी ८: पहिलं अक्षर मोठं

देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, त्यामुळे आपला हात इथे हमखास चुकतो. इंग्रजीत देश, माणूस, भाषा आणि त्यांची विशेषणं, सगळ्यांचं पहिलं अक्षर कॅपिटल. वाक्याच्या मध्ये असलं तरी, फोनवर घाईत मेसेज टाइप करताना तरी. ‘इंडियन’चा ‘आय’ मोठा, ‘मराठी’चा ‘एम’ही मोठा.

ही नुसती शोभा नाही. ‘सी’ मोठा असला तर चायना देश, लहान असला तर चिनी मातीची भांडी. ‘पी’ मोठा असला तर पोलिश भाषा, लहान असला तर बुटाचं पॉलिश. स्पेलिंग तेच. अर्जात ‘आय स्पीक पॉलिश’ लिहून बसलेला उमेदवार मी पाहिला आहे.

पायरी ९: भाषेचं नाव वेगळं विचारा

‘डू यू स्पीक इंडियन?’ असं कुणी विचारलं की आपल्याला कसंसंच होतं. मग आपणही ब्राझीलच्या माणसाला ‘ब्राझिलियन’ बोलायला सांगू नये. ब्राझीलमध्ये पोर्च्युगीज, मेक्सिकोत स्पॅनिश, ऑस्ट्रियात जर्मन, इजिप्तमध्ये अरेबिक. ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया वेगळे, हे सांगायला नकोच, पण फॉर्मवर एकदा पुन्हा वाचून बघा.

बंगाली आणि बांगलादेशी यांतही हाच फरक. बंगाली ही भाषा आणि समाज, तो दोन्ही देशांत आहे. बांगलादेशी ही १९७१ मध्ये जन्मलेल्या देशाची नॅशनॅलिटी. कोलकात्याच्या सहकाऱ्याला बांगलादेशी म्हणणं ही साधी चूक राहत नाही.

आपल्या स्वतःच्या शब्दांचीही घडी बसवून घ्या. भाषा आणि ती बोलणारा समाज मराठी. राज्यातला रहिवासी महाराष्ट्रीयन, मग त्याची भाषा कोणतीही असो. ‘मराठा’ हा शब्द इंग्रजी इतिहासात सबंध सत्तेला लावतात, म्हणूनच १७७५ पासून १८१८ पर्यंतची तीन युद्धं ‘अँग्लो-मराठा वॉर्स’ म्हणून ओळखली जातात. आज बोलताना मात्र तो एका समाजाचं नाव म्हणून घेतला जातो. परदेशी माणसाला ‘आय स्पीक महाराष्ट्रीयन’ असं सांगू नका.

पायरी १०: ‘इंडियन’ या शब्दाचे दुसरे मालक

कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला आणि आपण इंडीजला आलो अशी त्याची समजूत झाली. त्या समजुतीचे शब्द अजून वापरात आहेत. वेस्ट इंडियन म्हणजे कॅरिबियन बेटांवरचा माणूस, हे क्रिकेटमुळे आपल्याला पाठ आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना ‘नेटिव्ह अमेरिकन’ म्हणावं. ‘रेड इंडियन’ हा जुन्या गोष्टींतला शब्द आता अपमानाचा समजला जातो. तिथल्या जनगणनेच्या फॉर्मवर आपल्यासाठी ‘एशियन इंडियन’ अशी चौकट असते, ती याच गोंधळापायी.

‘ईस्ट इंडियन’ हा शब्द तर आपल्या दारातला. मुंबई, वसई, ठाणे या भागातला मूळचा ख्रिस्ती समाज, घरी मराठीचीच बोली बोलणारा. राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ मध्ये, गोवा आणि मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी हे नाव घेतलं. कॅनडात मात्र कुणी ‘ईस्ट इंडियन’ म्हटलं तर त्याचा अर्थ बहुधा भारतातून आलेला कुठलाही माणूस. वांद्र्याची ईस्ट इंडियन मुलगी टोरांटोत गेली की तिला हे दोनदा समजावून सांगावं लागतं.

‘एशियन’ही जागा बघून बोलावा. ब्रिटनमध्ये या शब्दाने डोळ्यांपुढे बहुधा भारत-पाकिस्तान-बांगलादेशकडचा माणूस येतो, अमेरिकेत बहुधा चीन-जपान-कोरियाकडचा.

पायरी ११: जे शब्द तोंडात येऊ द्यायचे नाहीत

मराठी वर्तमानपत्रं जागा वाचवायला ‘पाक’ लिहितात आणि आपल्याला त्यात काही गैर वाटत नाही. त्याच सवयीने इंग्रजीत पाकिस्तानी माणसाला आखूड करून ‘पाकी’ म्हणाल तर ब्रिटनमध्ये ती वर्णद्वेषी शिवी आहे, आणि ती भारतीयांनाही दिली गेली आहे. जॅपनीजचं ‘जॅप’ करणं तसंच. ‘चायनामन’ हाही जुना हिणवणारा शब्द. डावखुऱ्या मनगटी फिरकीला क्रिकेटमध्ये तो म्हणत असत, आता समालोचक ‘लेफ्ट-आर्म रिस्ट स्पिन’ म्हणू लागले आहेत. हिशेब सोपा आहे: नॅशनॅलिटीचा शब्द पूर्ण उच्चारा, तोडू नका. ‘ऑसी’ आणि ‘ब्रिट’ ही आखूड रूपं चालतात, पण नवख्याने पूर्ण शब्द वापरला तर कुणाचं काही जात नाही.

ओळख करून घेतानाही ‘व्हॉट इज युअर नॅशनॅलिटी?’ असं विचारू नका. तो प्रश्न इमिग्रेशनच्या खिडकीवरचा आहे. चहाच्या वेळी ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ पुरे. एकदा उत्तर मिळालं की ‘नाही, पण मूळचे कुठले?’ असं खोदत बसू नये. आपल्याकडे गाव आणि आडनाव विचारणं आपुलकीचं असतं, तिकडे दुसऱ्यांदा विचारलेलं टोचतं.

तो मुलगा दिवाळीनंतर बोटीवर गेला. मध्यंतरी त्याचा मेसेज आला. चीफ इंजिनिअर पोल आहे, कुक फिलिपिनो, सेकंड ऑफिसर डच, आणि या वेळी नाव बरोबर लिहिलं होतं. एकाच ठिकाणी तो अडला होता: बरोबरचा एक खलाशी म्यानमारचा आहे, सर, त्याला काय म्हणायचं? मी कळवलं की देशाचं इंग्रजी नाव १९८९ मध्ये बदललं, पण माणसाला आणि भाषेला अजून ‘बर्मीज’ म्हणतात. तिथे बर्मीज नसलेले समाजही आहेत, म्हणून आधी ‘फ्रॉम म्यानमार’ म्हण आणि तो स्वतःला काय म्हणवतो ते त्यालाच विचार. दोन दिवसांनी उत्तर आलं. तो खलाशी करेन समाजाचा होता. क्रू लिस्टवर म्यानमारच लिहिलं होतं.